अर्धी गोळी

गळ्यात एक ग्रंथी असते आणि ती रुसून बसू शकते, हे मला तिशी उलटल्यावर कळलं. तोवर गळा म्हणजे पोत घालायची जागा, एवढंच. ती रुसली होती त्याच्या बरीच आधी, मुलगी झाली त्या वर्षी. पण हा आजार असा गुपचूप येतो की घरातल्यांना वाटतं, बाई आळशी झाली. आणि खरं सांगायचं तर बाईलाही तसंच वाटतं.

भिलाईत मे महिन्यात माणसं कूलरसमोरून उठत नाहीत. मी मात्र भर दुपारी व्हरांड्यात, जिथे ऊन येतं तिथे खुर्ची टाकून बसायची, अंगात स्वेटर. पोस्टमन बघून हसायचा. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, फणीत रोज केसांचा पुंजका. कांदा चिरून होईपर्यंत कशासाठी चिरत होते ते विसरायची. आणि झोप. सकाळी उठले की झोप यायची, जेवले की यायची, विहारात वंदना चालू असताना भिंतीला पाठ टेकली की हमखास यायची. विहारातल्या बायका समजूतदार होत्या. "लेकरू झाल्यावर बाईचं आंग असंच होते वो," त्या म्हणायच्या. लेकरू होऊन चार वर्षं होत आली होती.

सासूबाई समजूतदार नव्हत्या, त्या कामाच्या होत्या. अमरावतीहून दर हिवाळ्यात महिनाभर आमच्याकडे यायच्या आणि त्या महिन्यात घराला शिस्त लागायची. त्या वर्षी आल्या तेव्हा त्यांनी पाहिलं की मुलीची वेणी दोन दिवस तशीच आहे, डाळ करपली आहे, आणि सून पलंगावर. त्या ओरडल्या नाहीत. रात्रीच्या जेवणाला माझ्यासमोरच मुलाला म्हणाल्या, "हे बाई दिवसभर पडून राह्यते. पोट्टीले पायनार कोन? आता शाळेत टाकायची झाली. जूनमध्ये मी तिले अमरावतीले घेऊन जातो. तिकडेच नाव टाकू." नवरा ताटात बघत म्हणाला, "तोपर्यंत हे बरी झाली तं?" त्यावर त्या म्हणाल्या, "मंग ठेव."

तेव्हा आमच्या घरात गोष्ट अशी ठरली: जूनपर्यंत मी बरी झाले तर मुलगी माझ्याजवळ, नाही तर अमरावतीला. सासूबाईंचं चुकत होतं असं आजही म्हणवत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं, कदाचित जानेवारीतच नेलं असतं.

आजार सापडला तो मुलीच्या खोकल्यामुळे. तिला घेऊन नवऱ्याच्या स्टील प्लांटच्या दवाखान्यात गेले होते. तिथल्या डॉक्टरीणबाई बंगाली, जाड चष्म्याच्या. त्यांनी मुलीच्या छातीला नळी लावली आणि खोकला किती दिवसांचा ते विचारलं. मी उत्तर दिलं. माझा आवाज ऐकून त्यांनी नळी काढली आणि माझ्याकडे बघत बसल्या. मग मला खुर्चीवर गुडघे टेकवून उभं केलं आणि टाचेच्या वर छोट्या हातोडीनं ठोकलं. पाऊल हललं, पण सरकारी माणसासारखं, आपल्या सवडीनं. "बेटी को तो सर्दी है," त्या म्हणाल्या, "बीमार तो तुम हो."

त्यांनी सांगितलेली रक्ताची तपासणी तेव्हा आमच्याकडे होत नव्हती, नागपूरला जायची. आमच्या वस्तीत नागपूरला काहीही न्यायचं-आणायचं असलं की ते जाणाऱ्याच्या हाताने जायचं. लग्नाच्या पत्रिका, लोणच्याची बरणी, कोणाचे कपडे, कोणाचं लेकरू. दर आठवड्याला शेजारच्या दुर्गहून कोणी ना कोणी गाडीत बसतच असे. माझं रक्त थर्मासमध्ये बर्फ घालून तसंच गेलं. घेऊन जाणारा सीटखाली ठेवू की मांडीवर धरू असं विचारत होता.

रिपोर्टवर तीन ओळी होत्या: टी-थ्री, टी-फोर, टीएसएच. प्रत्येकीसमोर माझा आकडा आणि त्याच्यापुढे निरोगी माणसाची मर्यादा, कुठून कुठपर्यंत. माझा टी-फोर मर्यादेच्या खाली होता आणि टीएसएच मर्यादेच्या कितीतरी पट वर. डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहून दिली. रोज सकाळी उपाशीपोटी, पाण्यासोबत, चहा नंतर. दोन महिन्यांनी रक्त परत पाठवा आणि रिपोर्ट घेऊन या. "थायरॉइड कम काम कर रहा है," एवढंच त्यांनी सांगितलं. बाहेर रांग होती आणि आम्हीही जास्त विचारलं नाही.

गोळीने पहिल्या महिन्यात काही झालं नाही. दुसऱ्या महिन्यात एका सकाळी लक्षात आलं की पाय गरम आहेत. रात्री मोजे न घालता झोपले होते. मग एक दिवस विहारात वंदना शेवटपर्यंत ऐकली. मुलीला सांगितलं, आपण जूनमध्ये इथल्याच शाळेत जाणार. ती म्हणाली, "तू पन येशीन का?" मी म्हटलं, सोडायला येईन.

दुसरा रिपोर्ट एप्रिलच्या सुरुवातीला आला. डॉक्टरीणबाई तेव्हा लांबच्या रजेवर कलकत्त्याला गेल्या होत्या. दुसरे डॉक्टर होते, नव्हते असं नाही. पण माझा नवरा ब्लास्ट फर्नेसच्या, म्हणजे गरम वारा फुंकून लोखंड गाळणाऱ्या भट्टीच्या, इन्स्ट्रुमेंट विभागात होता. (त्याला लिहिताना 'तो' म्हणते, तोंडावर जन्मभर 'तुमी'च म्हणत आले.) आठ तास पॅनलसमोर उभं राहून काटे वाचायचे, कोणता काटा रेषेच्या वर गेला, कोणता खाली आला, कोणता व्हॉल्व्ह किती फिरवायचा, हे त्याचं काम. घरीही तो तसाच. मुलीला ताप आला तर थर्मामीटर आधी बोटानं ठोकून बघणार. अशा माणसापुढे तीन आकडे आणि तीन मर्यादा छापलेला कागद आला, तर तो विचारायला कशाला जाईल? त्याला वाचता येत होतं.

"हे पाह्य," तो म्हणाला. "हे दोन बराबर आले, मर्यादेत आले. हे तिसरं अजून वरच हाय. म्हंजे गोळी जास्त होऊन राह्यली."

"डॉक्टरले इचारा ना."

"ते जूनलोक येत नाई. तोवर हाई रीडिंगवर चालू ठेवू का?"

तरी त्याने सल्ला घेतला. संध्याकाळी शेजारचे कोक ओव्हनवाले आणि समोरचे रोलिंग मिलचे आमच्या व्हरांड्यात चहाला बसले आणि माझं रक्त हातोहात फिरलं. तिघांची मिळून प्लांटमधली नोकरी एका माणसाच्या वयाएवढी होती. कोक ओव्हनवाल्यांनी कागद लांब धरून पाहिला. "हाई है," ते म्हणाले. रोलिंग मिलवाले म्हणाले, "हाई है तो कट करो. इसमें सोचना क्या?" एकमत झालं. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. मला कोणी काही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते? त्या दिवसांत नाही म्हणायलाही दम लागायचा. शिवाय मलाही ते पटलं. आमच्या अख्ख्या गावाची चूल त्या काट्यांवर चालत होती. काटा वर गेला की कमी करायचं, हे आमच्याकडे लेकरालाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवसापासून नवरा दाढीच्या ब्लेडने गोळीचे दोन तुकडे करायला लागला. अगदी नेटका माणूस. दोन्ही तुकडे सारखे व्हायचे. पावडर सांडली तर बोटाने टिपून तीही अर्धी अर्धी वाटायचा. सकाळी फर्स्ट शिफ्ट असली तरी मला उठवून पाण्याचा ग्लास आणि अर्धी गोळी हातात देऊनच जायचा. माझी काळजी त्याने कधी घेतली नाही असं मला म्हणता येणार नाही. त्याच काळजीने मी परत पलंगावर गेले.

विहारातल्या जयंतीच्या कार्यक्रमात बायकांच्या वतीने दोन शब्द बोलायला मला बसवलं होतं. लग्न होऊन आले तेव्हापासून दरवर्षी मीच बोलायची. त्या वर्षी माझं नाव पुकारलं तेव्हा मी मंचावरच्या खुर्चीत झोपले होते. कोणीतरी खांद्याला हात लावला. उठून माईकपर्यंत गेले आणि काय बोलायचं होतं ते आठवेना. खाली दुसऱ्या रांगेत मुलगी बसली होती, तिने हात हलवला. मी नमस्कार केला आणि जागेवर येऊन बसले. टाळ्या वाजल्या. आमचे लोक भले आहेत.

मे महिन्यात स्वेटर परत निघाला. नवरा रोज विचारायचा, "आता कसं वाटून राह्यलं?" मी म्हणायची, बरं. खोटं बोलायचं म्हणून नाही, कसं वाटतं ते शोधायला आत जावं लागायचं आणि तिथपर्यंत जायचा कंटाळा. तो काळजीत पडला. गोळी अर्धी करूनही बरं वाटत नाही, म्हणजे अजून कमी करावी की काय, असा विचार त्याच्या डोक्यात सुरू झाला होता. तेवढ्यात सासूबाई आल्या.

त्यांनी दारातच माझ्याकडे पाहिलं. "हे तं आनखीच बिघडली," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. रात्री त्यांनी मुलीचे फ्रॉक घडी करून ट्रंकेत भरले. कोणते फ्रॉक तिला आवडतात आणि कोणते टोचतात ते मी सांगत होते. मधेच विसरत होते, मग मुलगीच सांगायची.

दुर्ग स्टेशनवर गाडी सुटली तेव्हा मुलगी खिडकीत होती आणि रडत होती. नवरा रडला. बाजूच्या डब्यातली एक अनोळखी बाईसुद्धा डोळे पुसत होती. मी नाही रडले. रडूच आलं नाही. आतून काही हललंच नाही. सासूबाईंनी खिडकीतून माझ्याकडे पाहिलं ते मला अजून आठवतं. लोकांना माहीत नसतं, रडायलासुद्धा थायरॉइड लागतं.

डॉक्टरीणबाई त्यानंतरच्या आठवड्यात रुजू झाल्या. त्यांनी दोन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, मग माझ्याकडे पाहिलं, मग परत रिपोर्टकडे. "ये तो सुधर रहा था," त्या म्हणाल्या. "गोली कितनी ले रही हो?" नवऱ्याने सांगितलं, अर्धी. चष्मा नाकावर घसरू देत त्यांनी विचारलं, "आधी किसने की?" नवरा म्हणाला, "मैंने. टीएसएच हाई था."

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी कंपाउंडरला दार लावायला सांगितलं आणि कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दोन गोल काढले. वरचा गोल मेंदूच्या खाली असलेल्या एका छोट्या ग्रंथीचा, खालचा गळ्यातल्या थायरॉइडचा. टी-थ्री आणि टी-फोर हा खालच्या ग्रंथीचा माल. तो अंगभर जातो, त्यावर माणूस चालतं, बोलतं, जागं राहतं. टीएसएच हा थायरॉइडचा माल नाहीच. तो वरच्या ग्रंथीने खालच्या ग्रंथीला दिलेला हुकूम आहे: माल बनव. माल पुरेसा येत असला की वरची शांत असते, हुकूम बेताचा राहतो. माल कमी पडला की ती ओरडायला लागते. जितका माल कमी, तितकं ओरडणं मोठं. म्हणून टीएसएच वाढलेलं दिसलं तर समजायचं की थायरॉइड सुस्त आहे. उलट थायरॉइड नको इतकं काम करत असलं, तर वरची तोंड मिटून बसते आणि टीएसएच तळाला जातं. मग माणूस खाऊन खाऊन वाळतं, छाती धडधडते, हात थरथरतात.

"पर टी-फोर तो नॉर्मल आ गया था," नवरा म्हणाला.

"आया था, किनारे पर. लेकिन ऊपरवाली अभी भी चिल्ला रही थी. मतलब उसको अभी कम पड़ रहा था. गोली थोड़ी बढ़ानी थी."

नवऱ्याने वरच्या गोलापासून खालच्यापर्यंत बोट फिरवलं. मग हळू आवाजात म्हणाला, "मतलब ये रीडिंग नहीं है. ये डिमांड है."

"हाँ," त्या म्हणाल्या. "आप तो समझ गये."

घरी येताना मरोद्याच्या तलावाकडे फुटणाऱ्या रस्त्यावर त्याने स्कूटर थांबवली. उतरला आणि हँडल धरून उभा राहिला. "आमच्या इथं रोज हेच होते," तो म्हणाला. "भट्टी थंडी पडली का कंट्रोलर आपोआप मांगनी वाढवते. मांगनीचा काटा वर दिसला का आमी भट्टीकडे पाह्यतो, तिले काय कमी पडून राह्यलं ते. पोट्टं जरी असलं पॅनलवर तरी त्याले समजते. अन् मी तुह्या भट्टीचा वारा बंद करून टाकला." मी म्हटलं, "चला घरी, मले थंडी वाजून राह्यली." तो जूनचा महिना होता. त्याला हसू आलं नाही.

गोळी परत पूर्ण झाली, मग दीड. प्रत्येक बदलानंतर दीड-दोन महिने थांबून रक्त नागपूरला. घाई करून उपयोग नसतो, टीएसएचला खाली यायला वेळ लागतो, हे आता नवराच लोकांना सांगायचा. कोक ओव्हनवाले आणि रोलिंग मिलवाले यांना त्याने त्याच व्हरांड्यात बसवून दोन गोल काढून दाखवले. सेक्टरमधल्या बायका त्याच्याकडे रिपोर्ट घेऊन येऊ लागल्या. कॅम्प-एक वस्तीतली एक पोरगी आली होती, तिचं टीएसएच नावापुरतं आणि हातातला कागद थरथरत होता. तिला तो म्हणाला, "तुही वरची चूप बसली हाय, म्हंजे खालची लय जोरात चालून राह्यली. पन गोळी आपून ठरवाची नाई, बाई. डॉक्टरकडेच जायचं." हे वाक्य तो प्रत्येकीला सांगायचा, मोठ्याने, मी आतून ऐकावं म्हणून.

सप्टेंबरात मला राग आला. सकाळी पोळ्या लाटता लाटता एकदम आला, एप्रिलचा राग. लाटणं ठेवून बाहेर आले आणि पेपर वाचत बसलेल्या नवऱ्याला म्हटलं, "तुमी मले इचारलं कावून नाई? रक्त माहं होतं." त्याने पेपर घडी करून ठेवला. मी बरंच बोलले, गेल्या चार वर्षांत मिळून बोलले नसेन इतकं. आणि बोलता बोलता रडायला लागले, ते थांबेचना, दुर्ग स्टेशनवरचं सगळं तेव्हा आलं. तो उठला, पाणी आणलं आणि म्हणाला, "तुहा आवाज मोकळा झाला." तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

दिवाळीच्या सुट्टीच्या आधी रिपोर्ट आला. तिन्ही ओळी मर्यादेत होत्या, काठावर नाही, मधोमध. सासूबाईंना तार केली आणि दुसऱ्याच दिवशी गाडीत बसले, एकटी. सूज उतरली होती, ब्लाऊज ढिले झाले होते. नागपूरला गाडी बदलताना पुलाच्या पायऱ्या भरभर चढले आणि वर जाऊन स्वतःवरच खूश झाले. ठरल्याप्रमाणे मी बरी झाले होते, जूनमध्ये नाही तर नोव्हेंबरात. मुलगी आता माझी होती.

ती अंगणात खेळत होती. मी फाटकातूनच हाक मारली, धावत गेले, उचललं, गरगर फिरवलं, पाच महिन्यांचं सगळं एका दमात विचारलं. शाळा कशी आहे, बाई कशा आहेत, मैत्रीण कोण. ती ताठ झाली. हातांनी मला दूर रेटत खाली उतरली आणि आत सासूबाईंच्या लुगड्यामागे गेली.

सासूबाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय वो," त्या मुलीला म्हणाल्या, "तुही आई बरी होऊन आली नं. जाय तिच्याजवळ."

"हे नाई," मुलगी म्हणाली. "मले माही आई पायजे."

"हेच तं हाय."

"नाई. माही आई हळू बोलते. ते माह्याजवळ झोपून राह्यते."

आजाराच्या सगळ्या वर्षांत मला इतकं वाईट वाटलं नव्हतं. वाटायला लागणारं सगळं आता माझ्या रक्तात नीट मर्यादेत होतं, म्हणून ते पुरेपूर वाटलं. मी जिला आजारी बाई म्हणत होते, जिच्यातून सुटले म्हणून पायऱ्या भरभर चढले होते, तीच एक आई या मुलीने जन्मापासून पाहिली होती. दुपारभर शेजारी पडून राहणारी, कशाचीही घाई नसलेली, घोगऱ्या आवाजात एकच गोष्ट अर्धी सांगून झोपी जाणारी. तिच्या दृष्टीने जूनमध्ये तिला आईपासून तोडलं होतं आणि आता नोव्हेंबरात भलत्याच बाईकडे देत होते.

जेवणं झाली. सासूबाई भांडी घेऊन मागच्या अंगणात गेल्या, मला हात लावू दिला नाही. मी आतल्या खोलीत चटई टाकून आडवी झाले, भिंतीकडे तोंड करून. झोप येत नव्हती. बऱ्याच वेळाने दारात पावलं वाजली, थांबली, मग जवळ आली. पाठीला गुडघे टेकले. तिने माझा दंड हलवला.

"आई, झोपली का?"

मी लख्ख जागी होते. डोळे मिटूनच "हाव" म्हटलं, जमेल तितकं हळू.